शंका-समाधान: मजकुराचा साचा आणि त्यात भरायची मूल्ये

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती: प्रोग्राममधून मजकूर जुळवताना आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, नोंदी लिहिताना वापरले जाणारे फॉरमॅट स्पेसिफायर, म्हणजे मूल्य कोठे आणि कोणत्या रूपात भरायचे हे सांगणाऱ्या %डी सारख्या खुणा. त्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे. सदरात फंक्शनांची नावे व स्पेसिफायरमधील रोमन अक्षरे आणि अंक देवनागरीत छापले आहेत. प्रोग्राम लिहिताना अर्थातच मूळ रोमन रूपे वापरावीत.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी भाषेत पाच विषयांच्या गुणांची सरासरी डबल (दशांश संख्येच्या) प्रकारच्या चलात काढली आणि प्रिंटएफमध्ये %डी लिहिले. प्रोग्राम चालतो, पण दर वेळी वेगळाच आकडा छापतो. चल डबल आहे हे कंपायलरला ठाऊक असताना तो स्वतःहून योग्य ते का छापत नाही? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: चलाचा प्रकार कंपायलरला ठाऊक असतो, परंतु छपाईचे काम कंपायलर करत नाही, ते प्रिंटएफ हे फंक्शन प्रोग्राम चालू असताना करते, आणि त्याच्यापर्यंत प्रकाराची माहिती पोहोचतच नाही. प्रिंटएफ हे अर्ग्युमेंटांची संख्या आणि प्रकार आधी न ठरवलेले फंक्शन आहे. त्याच्या हाती एक साचा येतो, म्हणजे स्पेसिफायर असलेली स्ट्रिंग, आणि पुढील मूल्ये कोणत्या प्रकारची आहेत हे जाणून घेण्याचा तो साचा हाच एकमेव मार्ग असतो. साच्यात %डी दिसले की ते पूर्णांक शोधते. तेथे खरोखर पूर्णांक आहे की नाही, हे पडताळण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते.

आपल्याला दर वेळी वेगळा आकडा का दिसतो, याचे कारण आणखी थोडे खोल आहे. ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर लिनक्स चालत असेल, तर पूर्णांक आणि पत्ते एका प्रकारच्या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांतून) पाठवले जातात आणि दशांश संख्या दुसऱ्याच प्रकारच्या रजिस्टरांतून. आपली सरासरी दशांश संख्यांच्या रजिस्टरमध्ये व्यवस्थित पोहोचली होती, पण %डी वाचून प्रिंटएफने पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये पाहिले आणि तेथे आधीच्या कामातून जे काही शिल्लक होते तेच छापले. तो उरलेला ऐवज पुष्कळदा स्मृतीतील एखादा पत्ता असतो, आणि आधुनिक प्रणाली सुरक्षिततेसाठी हे पत्ते प्रत्येक वेळी बदलत असल्याने छापला जाणारा आकडाही बदलतो. दुसऱ्या संगणकावर याहून निराळे काही घडू शकेल, कारण भाषेचे प्रमाणक अशा विसंगतीला अनिश्चित वर्तन ठरवते. म्हणजे काय घडेल याची हमी कोणीच देत नाही.

येथे विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा फंक्शनला फ्लोट (डबलहून लहान दशांश प्रकार) दिला तर तो वाटेतच डबल होतो, आणि कॅर किंवा शॉर्ट (लहान पूर्णांक प्रकार) दिला तर त्याचा इंट (नेहमीचा पूर्णांक) होतो. म्हणून प्रिंटएफमध्ये फ्लोट आणि डबल या दोहोंसाठी %एफ चालते. स्कॅनएफला मात्र मूल्य नव्हे तर मूल्य ठेवण्याच्या जागेचा पत्ता दिला जातो, आणि पत्त्याचे असे रूपांतर होत नाही. तेथे फ्लोटसाठी %एफ आणि डबलसाठी %एलएफ असा भेद पाळावाच लागतो. साइझ-टी या आकारमान मोजण्याच्या प्रकारासाठी %झेडयू वापरावे, जे १९९९ च्या प्रमाणकापासून उपलब्ध आहे.

कंपायलर दुरुस्ती करत नसला तरी सावध मात्र करू शकतो. जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर वापरत असाल तर इशारे चालू करणारा डब्ल्यू-ऑल हा पर्याय देऊन पाहावे: साचा आणि मूल्ये यांतील विसंगती ओळीच्या क्रमांकासह दाखवली जाईल. प्रिंटएफला गुंडाळून स्वतःचे लॉग-फंक्शन लिहिले असेल, तर त्यालाही फॉरमॅट हे अॅट्रिब्यूट जोडावे, म्हणजे त्याच्या प्रत्येक वापराची तशीच तपासणी होते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इशारे बंद ठेवून सी शिकवण्याची जी पद्धत आढळते, तिचे समर्थन करणे मला तरी कठीण वाटते.

साचा वेगळा आणि मूल्ये वेगळी ही मांडणी सीच्याही आधीची आहे. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी आलेल्या फोरट्रानमध्ये फॉरमॅट नावाचे स्वतंत्र विधानच होते, आणि आठ जागांत दोन दशांश स्थळांसह संख्या छापायची असेल तर तेथे एफ८.२ असे लिहीत. सीमधील %८.२एफ पाहिल्यावर त्याचे नाते सहज ओळखू येते.

प्रश्न: एसप्रिंटएफ वापरू नये, एसएनप्रिंटएफ वापरावे, असे सगळे सांगतात. मी बदल केला, तरी मोठा मजकूर तुकड्यांनी जोडताना प्रोग्राम कोसळतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: ही दोन्ही फंक्शने मजकूर पडद्याऐवजी स्मृतीत लिहितात; एसएनप्रिंटएफला जागेची मर्यादाही सांगता येते. आपण बहुधा एसएनप्रिंटएफने परत केलेली संख्या थेट पुढच्या स्थानात मिळवत आहात. ती संख्या प्रत्यक्ष लिहिलेल्या बाइटांची नसून, जागा पुरेशी असती तर किती बाइट लिहिले गेले असते याची असते. समजा १०० बाइटांची जागा आहे, ९० भरले आहेत आणि पुढचा तुकडा ३० बाइटांचा आहे. लिहिले जातील ९ बाइट आणि शेवटचा शून्य-बाइट. परत मात्र ३० मिळतील. आपले स्थान १२० वर जाईल, आणि उरलेली जागा म्हणून १०० मधून १२० वजा केल्यावर, तो प्रकार चिन्हरहित असल्याने, ऋण संख्येऐवजी प्रचंड मोठी संख्या मिळेल. त्यानंतरचे प्रत्येक लेखन बफरच्या, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या जागेच्या, बाहेर होते. म्हणून परत आलेली संख्या उरलेल्या जागेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, तर मजकूर तुटला आहे असे समजून तेथेच थांबावे. तसेच जो बफर भरत आहोत तोच %एस या मजकूर भरणाऱ्या स्पेसिफायरसाठी मूल्य म्हणून देऊ नये. स्रोत आणि गंतव्य एकमेकांवर येणे प्रमाणकाला मान्य नाही.

प्रश्न: आमच्या उपकरणाच्या प्रोग्राममध्ये ग्राहकाने दिलेले नाव प्रिंटएफला एकुलते एक अर्ग्युमेंट म्हणून दिले आहे. नवीन वरिष्ठांनी ते धोकादायक म्हणून परत पाठवले. नुसते छापण्यात कसला धोका? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: वरिष्ठांचे म्हणणे सर्वथा योग्य आहे. छापील पावती-पुस्तकात मजकूर कार्यालयाचा असतो आणि रिकाम्या जागा भरणाऱ्याच्या. आपल्या प्रोग्रामने छापील मजकूरच ग्राहकाच्या हाती दिला आहे. ग्राहकाने नावात टक्क्याचे चिन्ह लिहिले नाही तोपर्यंत काही बिघडत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. त्याने नावात %एक्स (संख्या षोडशमान रूपात छापणारा स्पेसिफायर) अनेकदा लिहिले, तर रजिस्टर आणि स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती स्मृती) यांतील मूल्ये एकामागून एक छापली जातात. त्यांत गुप्त माहिती असू शकते. %एस लिहिले, तर जे मूल्य सापडेल त्याला पत्ता समजून तेथील मजकूर वाचण्याचा प्रयत्न होतो आणि प्रोग्राम बहुधा कोसळतो. या सर्वांत घातक आहे %एन, कारण ते छापत काहीच नाही. आतापर्यंत किती अक्षरे छापली गेली ती संख्या ते दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवते. रुंदीचे आकडे हवे तसे देऊन ती संख्या हवी तेवढी करता येते, आणि अशा रीतीने छपाईचे फंक्शन स्मृतीत मनाजोगते लेखन करणारे हत्यार बनते.

हे केवळ पुस्तकी भय नाही. २००० च्या जून महिन्यात डब्ल्यूयू-एफटीपीडी या त्या काळी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या फाइल सर्व्हरच्या २.६.० आवृत्तीत हाच दोष उघड झाला. साइट एक्झेक या आज्ञेतून पाठवलेला मजकूर थेट साच्याच्या जागी जात होता आणि दूर बसलेल्या माणसाला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येत होता. त्यानंतर अशा दोषांचा शोध जगभर सुरू झाला आणि अनेक प्रोग्रामांत ते सापडले. इतक्या वर्षांनंतर हा धडा सर्वांना पाठ झाला असेल असे वाटत असतानाच, २०२१ च्या जूनमध्ये आयफोनबाबत एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. %पी%एस%एस%एस%एस%एन अशा नावाच्या वायफाय जाळ्याला फोन जोडला की त्याचे वायफाय बंद पडे आणि फोन पुन्हा सुरू करूनही चालू होत नसे. नेटवर्कची सर्व मांडणी पुसून टाकावी लागे. जाळ्याचे नाव आत कोठेतरी साचा म्हणून वापरले जात होते. आयओएस १४.७ मध्ये ही दुरुस्ती झाली.

उपाय एका ओळीचा आहे: प्रथम %एस हा स्थिर साचा द्यावा आणि नाव त्याचे मूल्य म्हणून द्यावे. कंपायलरच्या फॉरमॅट-सिक्युरिटी या इशाऱ्याने अशा जागा शोधता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत %एन मुळातच बंद ठेवलेले असते, आणि लिनक्सवरील जीलिबसी ही सी लायब्ररी, फोर्टिफाय हा पर्याय चालू असल्यास, साचा बदलता येण्याजोग्या स्मृतीत असताना %एन दिसले की प्रोग्राम थांबवते. ही कुंपणे उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर मूळ ओळ तशीच ठेवणे योग्य नव्हे.

प्रश्न: आमचे सगळे काम जावामध्ये आहे. जावात %एन नुसती नवी ओळ देते, पत्त्यावर काही लिहीत नाही. मग वरच्यासारखा धोका आम्हाला नाही, असे समजावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: स्मृतीत लेखन होण्याचा धोका नाही, हे खरे. चुकीचा स्पेसिफायर दिला तर जावा कचरा न छापता अपवाद (एक्सेप्शन) फेकते, हेही खरे. मात्र बाहेरून आलेल्या मजकुरात आज्ञा शोधण्याची खोड जावाच्या जगातही होती आणि तिची किंमत फार मोठी पडली. लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे २ या लायब्ररीत डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंस यांत लिहिलेल्या संकेताचा अर्थ लावून त्या जागी मूल्य भरण्याची सोय होती. दुर्दैवाने ही सोय साच्यापुरती मर्यादित नव्हती. मूल्ये भरून तयार झालेल्या संदेशावरही ती लागू होत असे. त्यामुळे ज्यांनी साचा आणि मूल्य काटेकोरपणे वेगळे लिहिले होते त्यांचेही रक्षण झाले नाही. एखाद्याने वापरकर्त्याच्या नावात जेएनडीआयचा (नावावरून दूरच्या सर्व्हरवरील वस्तू शोधण्याच्या जावाच्या सोयीचा) संकेत आणि स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घातला, की ते नाव लॉगमध्ये लिहिले जाताना लायब्ररी त्या सर्व्हरकडे जाई, आणि तेथून आणलेला परका कोड आपल्या यंत्रावर चालवला जाण्याची वाट मोकळी होई.

डिसेंबर २०२१ मध्ये हा दोष जाहीर झाला. त्याला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. २.१५.० मध्ये ही सोय मूलतः बंद करण्यात आली आणि २.१६.० मध्ये संदेशांतून पूर्णपणे काढून टाकण्यात आली. त्यानंतरही संबंधित दोष निघत राहिल्याने आपली आवृत्ती निदान २.१७.१ असावी. आपण स्वतः ही लायब्ररी वापरत नसाल, तरी आपण वापरत असलेल्या दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पोटात ती असू शकते, हे तपासून पाहावे.

प्रश्न: पायथनमध्ये मूल्ये थेट मजकुरातच लिहू देणारी एफ-स्ट्रिंग इतकी सोयीची असताना लॉगिंगमध्ये जुनी %एस पद्धत वापरा, असा आग्रह पायलिंट हे कोड तपासणारे साधन का धरते? हा केवळ जुनेपणाचा हट्ट नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: हट्ट नाही, पण त्याच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाणारे कारण मात्र अर्धेच खरे आहे. पायथनचे लॉगिंग मॉड्यूल २००३ मध्ये, २.३ आवृत्तीबरोबर आले. एफ-स्ट्रिंग त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१६ च्या ३.६ मध्ये आल्या. लॉगिंगच्या फंक्शनांना साचा आणि मूल्ये वेगवेगळी दिली, तर मजकूर जुळवण्याचे काम नोंद खरोखर लिहायची ठरेपर्यंत होत नाही. डीबग (तपशीलवार नोंदींची) पातळी बंद असेल तर ते मुळीच होत नाही. एफ-स्ट्रिंग मात्र फंक्शनपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तयार झालेली असते, मग ती नोंद लिहिली जावो अथवा टाकून दिली जावो.

हे कारण सांगताना पुष्कळजण एक गोष्ट विसरतात: पुढे ढकलले जाते ते फक्त मजकूर जुळवणे, मूल्य काढणे नव्हे. मूल्याच्या जागी डेटाबेसमधून यादी आणणारे फंक्शन लिहिले असेल, तर पातळी बंद असली तरी ते फंक्शन चालणारच. तेथे इझ-एनेबल्ड-फॉर या फंक्शनने आधी विचारणा करणे हाच मार्ग आहे. आणि साध्या नावासाठी किंवा आकड्यासाठी वाचणारा वेळ इतका थोडा असतो की, लाखो वेळा फिरणारा लूप सोडला तर, त्याकरिता वाद घालण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरे कारण लॉग वाचणाऱ्याच्या बाजूला आहे. साचा स्थिर राहिला, तर ‘ऑर्डर %एस अयशस्वी’ या एकाच साच्याच्या हजारो नोंदी एकाच प्रकारच्या आहेत हे यंत्राला कळते. चुका गोळा करणारी साधने त्यांचा एक गट करतात, मोजतात आणि वाढ झाली की सूचना देतात. एफ-स्ट्रिंगमुळे प्रत्येक ऑर्डरची नोंद वेगळेच वाक्य बनते आणि एक दोष हजार दोषांसारखा दिसू लागतो. रात्री दोन वाजता बंद पडलेली सेवा पुन्हा उभी करणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

दोन्ही पद्धती एकाच ओळीत मिसळणे सर्वांत वाईट. लॉगिंग मॉड्यूल मूल्ये दिली असतील तरच साच्यातील टक्क्यांकडे पाहते. एफ-स्ट्रिंगमधून एखाद्या मजकुरातील टक्क्याचे चिन्ह साच्यात शिरले आणि पुढे मूल्येही दिली असली, तर जुळवणी फसते. प्रोग्राम त्यामुळे थांबत नाही. त्रुटीचा तपशील एररच्या प्रवाहात छापला जातो आणि आपल्याला हवी असलेली नोंद मात्र फाइलमध्ये येत नाही. आणखी एक गैरसमज असा की फॉरमॅटरला महिरपी कंसाची शैली सांगितली की लॉगच्या प्रत्येक ओळीत ती चालेल. तसे होत नाही; ती शैली वेळ, पातळी इत्यादी गोष्टींच्या मांडणीपुरती असते, संदेशासाठी %एस च राहते. जावामधील एसएलएफफोरजे या लॉग-लायब्ररीत मूल्याच्या जागी रिकामे {} वापरतात; तत्त्व तेच आहे.

प्रश्न: टक्क्याचे चिन्हच छापायचे असेल तर? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: साच्यात ते दोनदा लिहावे, %% असे. मूल्यात असलेल्या चिन्हाला हे करण्याची गरज नसते.

प्रश्न: आमचे अँड्रॉइड अॅप इंग्रजी आणि हिंदीत उत्तम चालते. फोनची भाषा मराठी केली की सर्व्हर तारीख नाकारतो. तारीख आम्ही स्ट्रिंग-फॉरमॅटने %०४डी-%०२डी-%०२डी अशी जुळवतो. मराठीनेच काय घोडे मारले आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आपला प्रश्न वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. स्ट्रिंग-फॉरमॅटला लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेश यांची निवड, सांगितले नाही, तर ते फोनचे चालू लोकेल घेते, आणि %डी हा स्पेसिफायर त्या लोकेलचे अंक वापरतो. भाषांच्या रूढींचा सीएलडीआर हा जो सामायिक संग्रह आहे, त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी ठरवलेले आहेत, तर हिंदीसाठी इंग्रजी अंक. त्यामुळे हिंदीत चाचणी घेऊन ‘भारतीय भाषांत सर्व ठीक’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना हा दोष दिसतच नाही. मराठी, नेपाळी किंवा बंगाली निवडल्यावरच तो उघडा पडतो. आपल्या सर्व्हरला देवनागरी अंकांतील तारीख मिळत आहे आणि तो ती नाकारत आहे. त्यात सर्व्हरचा दोष नाही.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट अशी की त्याच साच्यात संख्येसाठी %एस लिहिले तर अंक इंग्रजी येतात, कारण तेथे संख्येचे नुसते टू-स्ट्रिंग रूप घेतले जाते. %एक्सवरही लोकेलचा परिणाम होत नाही. म्हणून एकाच ओळीत अर्धे अंक देवनागरी आणि अर्धे इंग्रजी असे दृश्य कधी कधी दिसते, आणि तपासणारा फॉन्टच्या मागे लागतो.

नियम असा ठेवावा: मजकूर यंत्रासाठी असेल, म्हणजे सर्व्हरला पाठवायची तारीख, फाइलचे नाव किंवा लॉगची नोंद असेल, तर पहिले अर्ग्युमेंट म्हणून लोकेल-रूट, म्हणजे कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल, स्पष्टपणे द्यावे. मजकूर माणसाने पडद्यावर वाचायचा असेल, तर फोनचे लोकेल खुशाल वापरावे. मराठी निवडणाऱ्याला देवनागरी अंक मिळणे हा त्याचा हक्कच आहे. घाईघाईत सगळीकडे इंग्रजी लोकेल लादून मराठी पडदाच इंग्रजी अंकांनी भरून टाकणे, हा रोगापेक्षा उपचार वाईट असा प्रकार होईल. कॉटलिनमधील फॉरमॅट फंक्शनलाही हेच लागू आहे. अँड्रॉइडचे लिंट हे साधन अशा जागांबद्दल डीफॉल्ट-लोकेल नावाचा इशारा देते. तो बंद केलेला असल्यास प्रथम चालू करावा. डेटाबेसची क्वेरी कोणी अशा रीतीने जुळवत असेल, तर लोकेल बदलून भागणार नाही. तेथे मूल्ये प्रश्नचिन्हाच्या जागी बांधूनच पाठवावीत.

प्रश्न: मी अॅपच्या मजकुराचा मराठी अनुवाद करते. इंग्रजीत आधी नाव आणि मग संख्या येते. मराठीत तो क्रम फार कृत्रिम वाटतो. क्रम बदलला तर अॅप बंद पडते. (एक अनुवादक, पणजी)

उत्तर: क्रम बदलण्याची सोय साच्यातच आहे. %१$एस म्हणजे पहिले मूल्य मजकूर म्हणून आणि %२$डी म्हणजे दुसरे मूल्य संख्या म्हणून. हे आपण वाक्यात कोठेही ठेवू शकता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मूळ इंग्रजीतच असे क्रमांक द्यावेत, असा आग्रह आपण धरावा. अनुवाद करताना क्रमांकातील इंग्रजी अंक मात्र देवनागरी करू नये, आणि टक्का, डॉलर व अक्षर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नये. मूल्यांपेक्षा जास्त स्पेसिफायर झाले तर जावा अपवाद फेकते. कमी झाले तर मुकाट्याने पुढे जाते, आणि वाक्यातील संख्या गायब झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे पाठवण्यापूर्वी दोन्ही भाषांतील स्पेसिफायर जुळवून पाहावेत. अनुवादासाठी गेटटेक्स्ट ही प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एमएसजीएफएमटी हे साधन ही तपासणी करून देते.

प्रश्न: तालुक्यांची नावे आणि आकडे टर्मिनलवर रकान्यांत छापतो. %-२०एस दिले तरी मराठी नावांचे रकाने वाकडेतिकडे होतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर: सीमधील प्रिंटएफ रुंदी बाइटांत मोजते. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे असतात. ‘सातारा’ म्हणजे ६ चिन्हे व १८ बाइट, म्हणून त्यापुढे २ मोकळ्या जागा पडतात. ‘कोल्हापूर’ म्हणजे ९ चिन्हे व २७ बाइट, म्हणून त्यापुढे एकही नाही. डोळ्यांना मात्र पहिल्यात ३ आणि दुसऱ्यात ४ अक्षरे दिसतात. पायथन बाइटांऐवजी चिन्हे मोजते, त्यामुळे वाकडेपणा कमी होतो, नाहीसा होत नाही. मजकूर तोडण्यासाठी सीमध्ये %.१०एस वापरलेत तर तोड ३ बाइटांच्या मधोमध पडून नावाच्या शेवटी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटेल.

पडद्यावरील रुंदी मोजणारी डब्ल्यूसीएसविड्थसारखी फंक्शने आहेत, पण जोडाक्षरांच्या बाबतीत निरनिराळी टर्मिनले निरनिराळे वागतात. म्हणून आकड्यांचे रकाने आधी आणि मराठी नाव शेवटी ठेवावे. सुबक तक्ता हवा असेल तर तो एचटीएमएलमध्ये काढावा. टर्मिनलशी झगडण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न: रक्कम १२,३४,५६७.५० अशी छापण्यासाठी कोणता स्पेसिफायर? (एक दुकानदार, इचलकरंजी)

उत्तर: पायथनमधील आणि जावाच्या स्ट्रिंग-फॉरमॅटमधील स्वल्पविराम तीन-तीन अंकांचेच गट करतो, म्हणून १,२३४,५६७ असे दिसेल. जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंग या फंक्शनला एन-आयएन (भारतीय इंग्रजी) सांगितले तर लाख-कोटींचे गट मिळतात, आणि एमआर-आयएन (मराठी) सांगितले तर अंकही देवनागरी येतात. दोन्ही वेळी किमान दोन दशांश स्थळे मागावीत, नाहीतर पैशांतील शेवटचे शून्य गळते. मात्र रक्कम दशांश संख्येत साठवत असाल तर आधी ते बदलावे. २.६७५ ही संख्या संगणकात किंचित कमी साठवली जाते, म्हणून %.२एफ ती २.६७ अशी छापते. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी आणि रुपये फक्त छापताना काढावेत.

प्रश्न: लॉगमध्ये काय लिहू नये, याचा काही दंडक आहे का? (एक वाचक, बंगळूरु)

उत्तर: दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, वापरकर्त्याने दिलेल्या मजकुरात नवी ओळ सुरू करणारे चिन्ह असू शकते. नाव म्हणून ‘राम’, मग नवी ओळ आणि मग ‘प्रशासकाचा प्रवेश यशस्वी’ असे कोणी पाठवले, तर लॉगमध्ये एक धडधडीत खोटी नोंद तयार होते. पायथनमध्ये %एस ऐवजी %आर आणि गो या भाषेत %क्यू वापरल्यास अशी चिन्हे दृश्य रूपात, अवतरणांसह छापली जातात. नोंदी जेसनच्या स्वरूपात लिहिल्या तरी हाच लाभ मिळतो.

दुसरी गोष्ट गुप्त माहितीची. मे २०१८ मध्ये ट्विटरने सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्डचे हॅश करण्याची, म्हणजे तो उलटवता न येणाऱ्या रूपात बदलण्याची, क्रिया पूर्ण होण्यापूर्वीच तो मूळ रूपात अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. पासवर्ड, ओटीपी किंवा आधार क्रमांक सहसा कोणी मुद्दाम लॉगमध्ये लिहीत नाही. तो संपूर्ण ऑब्जेक्ट एकाच स्पेसिफायरला देण्याच्या सवयीतून तेथे जातो. अनेक घटक एकत्र ठेवणाऱ्या पायथनच्या डेटाक्लासचे %आर किंवा गोमधील स्ट्रक्टचे %+व्ही सर्व घटक उघडे करते. डेटाक्लासमध्ये अशा घटकाला रेपर फॉल्स अशी खूण करता येते. इतर ठिकाणी ऑब्जेक्ट न देता त्यातील हवे तेवढे घटक, नावे घेऊन, साच्याला द्यावेत. आणि जुन्या लॉग-फाइलींत असे काही आधीच गेले आहे का, हे या आठवड्यातच एकदा शोधून पाहावे.